एकाची चूक, सातांना दंड



संयोजकांनी व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी आधी ‘कबड्डीतील शिस्त’ असे कळवले होते. मग मनात आले, शिस्तीवर बोलणार म्हटले की निम्मे खेळाडू बाहेर चहाच्या टपरीवरच थांबतील. म्हणून विषयात अमेरिका घातली. ‘अमेरिकन फुटबॉलमधले दंड आणि आपली कबड्डी.’ सभागृह भरलेले दिसते, म्हणजे युक्ती लागू पडली. पण अमेरिका काही नुसती गर्दीसाठी आणलेली नाही. आडदांड खेळाला नियमात बसवायला त्या लोकांना शंभराहून अधिक वर्षे लागली आणि ते काम अजून चालूच आहे. त्या धडपडीतून आपल्या खाचरातल्या मैदानाने घ्यावे असे बरेच काही आहे, असे पंच म्हणून शिट्टी वाजवताना मला नेहमी वाटत आले.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांचे पुष्कळ विद्यार्थी इथे बसले आहेत. सामन्याआधी गुरुजी मुलांना रांगेत उभे करून हात पुढे करायला लावत. नखे वाढलेली दिसली की खिशातून नेलकटर निघे. अंगठी, कडे, गळ्यातली साखळी काढून रुमालात बांधून ठेवत. अंगाला तेल चोळून आलेल्याला पुन्हा नळावर पिटाळत. पोरे वैतागत, पण कबड्डीच्या नियमपुस्तकात हे सगळे लिहिलेले आहे. नखे बारीक कापलेली हवीत, दागिने नकोत, अंगाला तेलकट पदार्थ नको. आपण नखे कापायची ती समोरच्याच्या कातडीसाठी. शिस्तीची सुरुवात इतकी साधी असते.

आपल्या शहापूर-मुरबाड भागात कबड्डीचा हंगाम भातावर ठरतो. दिवाळीच्या सुमारास कापणी उरकते, झोडणी होते, खाचरे मोकळी होतात. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, धसई, टोकावडे, कुठल्याही बाजूला जा, पौषातल्या म्हशाच्या यात्रेच्या आगेमागे मैदाने आखायची लगबग सुरू असते. मधला बांध फोडून दोन खाचरे एक करायची, धसकटे खणून काढायची, पाणी मारून जमीन चोपायची आणि फक्कीने रेषा मारायच्या. पुरुषांना १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, महिलांना १२ बाय ८. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, दोन्ही कडांना एकेक मीटरचे राखीव क्षेत्र. हॅलोजन लागतात, लाऊडस्पीकर लागतो आणि मध्यरात्र उलटली तरी गाव जागे असते. गादीवरची प्रो कबड्डी २०१४ मध्ये टीव्हीवर आली. मातीवरची आपली कबड्डी त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून आहे.

या खेळाला पुस्तकात बसवण्याचे काम बव्हंशी मराठी माणसांनी केले. हुतुतू गावागणिक वेगळा होता. संजीवनी प्रकारात बाद झालेला गडी परत येई, गामिनीत तो बाहेरच बसे, अमर प्रकारात बाद होऊनही मैदानात राही आणि गुण तेवढा मोजला जाई. दोन गावांचा सामना ठरला की पहिले भांडण नियमावरून. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने ठरावीक नियमांनी स्पर्धा भरवली. १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांना आकार दिला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ परदेशी प्रेक्षकांना करून दाखवला. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, १९५२ मध्ये मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ ठरली. या कामात ज्यांनी आयुष्य घातले त्या शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्र कबड्डी दिन म्हणून पाळतो.

गुण कसा मिळतो हे ठरवायला फार वेळ लागत नाही. काय केले तर पकड बरोबर असूनही गुण मिळणार नाही, हे ठरवायला पिढ्या जातात. अमेरिकेची गोष्ट इथून सुरू होते.

तो खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. अकरा विरुद्ध अकरा, १०० यार्डांचे मैदान, हातात लांबट चेंडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचे असते. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर बहुतेक वेळा चेंडू समोरच्यांकडे. सव्वाशे-दीडशे किलोंची माणसे शिरस्त्राणे घालून एकमेकांवर आदळतात. या खेळात कमाई जमिनीत मोजतात आणि शिक्षाही जमिनीतच. पंचाने पिवळा रुमाल फेकला की ५, १० किंवा १५ यार्ड मागे.

१९०५ साली हा खेळ तिकडे बंद पडायच्या बेतात होता. त्या एका हंगामात किमान १८ खेळाडू मेले, बहुतेक शाळा-कॉलेजांतली पोरे. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा स्वतःचा मुलगा हार्वर्डमध्ये हा खेळ खेळत होता. त्यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तीन विद्यापीठांच्या लोकांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतले. पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, नियम बदलले. चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, दोन्ही संघांच्या फळ्यांमध्ये मोकळी जागा राखली गेली, पुढे सरकण्याची अट ५ यार्डांवरून १० यार्डांवर नेली. सगळ्यांनी एकाच ठिकाणी गर्दी करून रेटारेटी करण्याची गरज त्यामुळे कमी झाली. रूझवेल्टना मर्दानी खेळांचे फार कौतुक होते. तरीही, किंबहुना म्हणूनच, नियम बदला असे त्यांनी सांगितले. खेळातली मर्दानगी राखायची तर खेळ जिवंत राहिला पाहिजे, हा त्यांचा हिशोब.

चेंडू पुढे फेकता येऊ लागला आणि एक नवा माणूस महत्त्वाचा झाला. तो म्हणजे चेंडू फेकणारा, क्वार्टरबॅक. त्याची अवस्था डोळ्यांपुढे आणा. दोन्ही हात चेंडूवर, नजर पन्नास-साठ फूट लांब धावणाऱ्या साथीदारावर, फेकताना सगळा भार एका पायावर. त्या क्षणी बाजूने कोणी आदळले तर तो स्वतःला सावरू शकत नाही. चेंडूला लाथ मारणारा किकर तर एक पाय हवेत घेऊनच उभा असतो. म्हणून त्या खेळाने या दोघांभोवती नियमांचे कुंपण घातले. चेंडू हातातून सुटल्यावर फेकणाऱ्याला धडक दिली, त्याच्या डोक्यावर किंवा गुडघ्यावर गेलात, पाडताना पूर्ण देहाचा भार त्याच्यावर टाकलात, तर ‘रफिंग द पासर’. दंड १५ यार्ड, शिवाय त्यांना नव्याने चार प्रयत्न. किकरच्या बाबतीत तर श्रेणी लावली आहे. नुसता धक्का लागला तर ५ यार्ड. टेकलेल्या पायावर आदळलात किंवा त्याला जोरात धडकलात तर १५. मुद्दाम केले की चुकून, हा प्रश्न पंच बहुधा विचारत नाही. तिथे जायची जोखीम तुम्ही घेतली, परिणाम तुमचा.

१५ यार्ड म्हणजे पावणेचौदा मीटर. आपले सबंध मैदान लांबीला १३ मीटर आहे. एका आडदांड धडकेची किंमत आपल्या एका मैदानाहून जास्त जमीन, एवढे लक्षात ठेवा.

आता आपल्या चढाईपटूकडे पाहा. तो एकटा आहे, समोर सात. हात मोकळे दिसतात, पण त्याचा श्वास बांधलेला आहे. ‘कबड्डी कबड्डी’ असा स्पष्ट दम मध्यरेषा ओलांडायच्या आधी लावायचा आणि घरी परत येईपर्यंत सोडायचा नाही. जोर करताना प्रत्येक माणूस श्वास रोखतो, गोणी उचलताना पाहा. चढाईपटूला ती मुभा नाही. सात जणांच्या तावडीतून सुटण्यासाठी सगळा जोर लावायचा आणि त्याच वेळी बोलत राहायचे. अमेरिकेच्या क्वार्टरबॅकला जशी खेळाच्या गरजेपोटी स्वतःच्या रक्षणाची सोय राहत नाही, तशी आपल्या चढाईपटूलाही राहत नाही. म्हणून त्याच्यासाठी आपल्या पुस्तकातही कुंपण आहे, आणि ते चांगले पक्के आहे.

चढाईपटूला धरायचे ते हातापायांना किंवा धडाला. केस, कपडे, मान यांना हात घालून झालेली पकड पकड धरली जात नाही. त्याचे तोंड दाबून, गळा आवळून किंवा अन्य कोणत्याही प्रकारे दम बंद पाडला तर तो बाद होत नाही. इजा होईल अशी हिंसक पकड हा अपराध. पायांची कात्री घालणे हा अपराध. पंचांशी सतत हुज्जत घालणे, अपशब्द वापरणे, बाहेरून सूचना देत राहणे, हेही त्याच यादीत. आणि शिक्षेची चढती भाजणी ठरलेली आहे. हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे २ मिनिटे बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. शिवाय प्रसंगी समोरच्या संघाला तांत्रिक गुण.

पुस्तकात आहे ते मैदानावर कसे दिसते, हे पंचाच्या जागेवरून सांगतो. उजव्या कोपऱ्याने घोटा धरला. चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावला. तेवढ्यात मध्यरक्षकाने कमरेला मिठी घातली, साखळी येऊन कोसळली. आता पाच-सहा देहांचा ढीग आहे, खाली एक चेहरा आहे आणि त्या चेहऱ्यावर कुणाचा तरी कोपर. दम थांबला. तो संपला की दाबला गेला? लाऊडस्पीकर वाजत असतो, कडेला पोरे शिट्ट्या मारत असतात, कानाने काही कळत नाही. मग पंच गुडघ्यावर बसून ओठ पाहतो. ओठ हलताहेत, आवाज येत नाही, तर वरच्या हाताचा अंदाज घेतो. अर्ध्या सेकंदाचा निर्णय. त्या अर्ध्या सेकंदात सातांपैकी कोणाचा तरी एक हात चुकीच्या जागी होता म्हणून चांगली पकड वाया गेली, की तो संघ आधी पंचावर धावून येतो. यायला हवे ते त्या हातावर.

मूळ मुद्दा हा आहे. दोन्ही खेळांत चूक एकाची असते आणि दंड सगळ्यांना होतो. तिकडे एकाने फेकणाऱ्याच्या डोक्याला हात लावला की अकराही जण पावणेचौदा मीटर मागे जातात. इकडे एकाला पिवळे कार्ड मिळाले की २ मिनिटे सहा जण सातांचे मैदान राखतात. कोपरा उघडा पडतो, साखळी तुटते, समोरचा नेमका तिथून आत शिरतो. त्या दोन मिनिटांत सगळा संघ बाद होऊन लोण चढला तर दोन गुण वरचे. दंड ज्याने केला त्याच्यापुरता ठेवला असता तर संघाने हात झटकले असते, ‘तो तसाच आहे’ म्हणून. नियमाने तशी सोय ठेवलेली नाही. सगळ्यांना भरायला लावले की सगळे मिळून त्याला आवरतात, ही त्यामागची योजना. शेतातला बांध पाण्याच्या विरोधात नसतो; तो असतो म्हणून पाणी खाचरात थांबते आणि भात येतो. खेळातल्या जोराला नियम तसा लागतो, आणि प्रत्येक बांध राखायची जबाबदारी सगळ्या शेजाऱ्यांची असते.

म्हणून संघाची शिस्त पंचाने राखायची नसते, ती कर्णधाराने आणि प्रशिक्षकाने राखायची असते. पंच फक्त तिचा अभाव नोंदवतो. यू मुंबा २०१५ मध्ये प्रो कबड्डी जिंकली तेव्हा अनुप कुमार कर्णधार होता. त्याची चढाई पाहिलेले इथे खूप जण असतील. त्याचा आवाज कधी चढलेला दिसत नसे आणि साथीदाराचे डोके तापले की त्याचा हात आधी त्याच्या खांद्यावर जाई. आपल्या गावच्या संघात कर्णधार बहुधा सर्वांत चांगला चढाईपटू असतो. सर्वांत थंड डोक्याचा गडी कर्णधार करून पाहा, असे मी सुचवतो.

आता थोडे कडू बोलतो. गावच्या स्पर्धेत मध्यरात्रीनंतर रंग चढला की लाऊडस्पीकरवरून घोषणा सुरू होतात. ‘पुढच्या बोनसला अमक्यांकडून शंभर रुपये.’ छान. ‘सुपर पकडीला अमक्या शेठकडून पाचशे.’ तेही छान, पोरांना उत्साह येतो, घरी जाताना खिशात काही पडते. पण कधी कधी पैसे एका माणसावर लागतात. ‘या गड्याला आडवा करणाऱ्याला हजार रुपये.’ निवेदक हसत हसत बोलतो, लोक टाळ्या वाजवतात. पकडणाऱ्या पोराच्या डोक्यात मात्र आता गुण उरत नाही, माणूस उरतो. त्या घोषणेनंतरच्या चढाईत घोट्याला पडणारा हात वेगळ्या जोराने पडतो, हे कडेला उभे राहून मी पाहिले आहे.

अमेरिकेत हाच प्रकार व्यावसायिक पातळीवर झाला. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या संघात २००९ ते २०११ या तीन हंगामांत बचाव फळीसाठी छुपी बक्षिसे ठेवली होती. समोरचा खेळाडू उचलून न्यावा लागला तर १,००० डॉलर, पुन्हा खेळायला उतरलाच नाही तर १,५०० डॉलर. याच काळात, २०१० च्या फेब्रुवारीत, त्या संघाने सुपर बोल, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगची अंतिम लढतही जिंकली. २०१२ मध्ये प्रकरण उघडकीस आले. मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन यांना पूर्ण हंगाम बाहेर बसवले, बचावाचे प्रशिक्षक ग्रेग विल्यम्स यांना बेमुदत निलंबित केले, संघाला ५ लाख डॉलर दंड झाला. चार खेळाडूंवरही निलंबन आले होते. अपिलात ते रद्द झाले आणि दोषाचा मोठा भार प्रशिक्षकांवर ठेवला गेला. मला हा निवाडा पटतो. पोर मैदानात जे करते ते बाहेरून कोणीतरी त्याला करायला लावलेले असते. आपल्याकडे ते बाहेरचे कोणीतरी म्हणजे माइक हातात असलेला माणूस, आणि त्याच्यापुढे खुर्च्या टाकून बसलेले आपण.

शिस्तीचा प्रचार करणारे लोक एक गोष्ट नेहमी सांगतात की शिस्तबद्ध संघ जिंकतो. ती नेहमी खरी नसते. २०११ मध्ये ओकलंड रेडर्स या संघाला १६३ वेळा दंड झाला, १,३५८ यार्ड गेले. आजवरचा तो विक्रम आहे, आणि त्या वर्षी ते जेमतेम निम्मे सामने जिंकले. इथवर गोष्ट सोयीची. पण २०१३ मध्ये सिॲटल सीहॉक्सना लीगमध्ये सर्वाधिक वेळा दंड झाला, आणि तेच सुपर बोल जिंकले. त्यांनी ठरवून अंगचटीचा खेळ केला, दंडाचे यार्ड खर्चात धरले आणि पुढे गेले. आपल्याकडेही असे संघ आहेत. तांत्रिक गुण जातो तर जाऊ दे, समोरचा मुख्य चढाईपटू घाबरला पाहिजे, असे त्यांचे गणित असते आणि ते अनेकदा जमतेही. तेव्हा जिंकण्यासाठी शिस्त पाळा, असे मी सांगणार नाही. उद्या हरलात तर मला विचारायला याल.

नियमही कधी कधी अति करतो, हेही कबूल केले पाहिजे. २००८ च्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी गुडघ्याला जबर दुखापत होऊन वर्षभर बाहेर गेला. जमिनीवर पडलेल्या बचावपटूने त्याच्या पायाकडे झेप घेतली होती आणि त्या वेळी तो दंडाचा प्रकार नव्हता. पुढच्या वर्षी तसे झेपावणे नियमात आणले गेले. इथवर कोणाची तक्रार नव्हती. मग २०१८ मध्ये देहाचा पूर्ण भार टाकण्यावर पंचांनी कडक नजर ठेवली. १६ सप्टेंबरला ग्रीन बे आणि मिनेसोटा यांच्या सामन्यात ग्रीन बेच्या क्ले मॅथ्यूजने फेकणाऱ्याला पाडले. पाहणाऱ्यांना ती साधी, सरळ पकड वाटली, पण रुमाल पडला. त्यामुळे ग्रीन बेच्या हाती आलेला चेंडू परत गेला आणि सामना २९-२९ असा बरोबरीत सुटला. देशभर गदारोळ झाला. धावत आलेल्या माणसाने हवेतच आपले वजन कुठे ठेवायचे, हा प्रश्न रास्त होता.

आपल्या खेळातला असा प्रसंग तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला आहे. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, आशियाई स्पर्धेची अंतिम लढत, भारत विरुद्ध इराण. आपल्या महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे त्या संघात होते. गुण २८-२८, शेवटचे मिनीट जवळ आलेले. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणाला स्पर्श न होता राखीव क्षेत्रात गेला; त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. जुन्या नियमाने मागे गेलेले सगळे बाद, नव्या नियमाने एकटा चढाईपटू बाद. कोणता नियम लावायचा यावर पंचांचे निर्णय फिरत राहिले, खेळाडू निषेध म्हणून मैदानातच बसले आणि सुवर्णपदकाची लढत तासभर थांबली. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. आनंद सगळ्यांना झाला. पण आशियाई अंतिम सामन्यात जर कोणता नियम चालू आहे यावर एक तास जात असेल, तर आपल्या खाचरात काय होत असेल, याची कल्पना करा. बेशिस्तीतली निम्मी बेशिस्त नियम माहीत नसण्यातून येते.

मग शिस्त कशासाठी? माझे उत्तर गुडघ्यात आहे. घोटा धरला गेला की पाऊल जमिनीत रुतते. त्याच वेळी बाजूने दुसऱ्याने पूर्ण अंगाने धडक दिली की मांडीचे हाड फिरते, पोटरी जागेवर राहते, आणि मधला अस्थिबंध तुटतो. पोरे त्याला ‘लिगामेंट गेले’ म्हणतात. अमेरिकेत २०२४ मध्ये एका पकडीवर बंदी आली: मागून कमर धरायची, अंग वळवायचे आणि धावणाऱ्याच्या पायांवर बसकण मारायची. इतर पकडींच्या मानाने तिच्यात दुखापतीचे प्रमाण सुमारे वीसपट आहे, असे लीगने स्वतःची चित्रफीत तपासून सांगितले. ती पकड चालू होती तोवर तिला कोणी घाणेरडी म्हणत नव्हते. आकडे पाहिले आणि बंद केली. आपल्याकडे असे आकडे कोणी ठेवत नाही, गुडघे मात्र तसेच जातात.

आणि कोणाचे जातात? त्या अमेरिकी खेळाडूला करार आहे, संघटना आहे, संघाचा डॉक्टर मैदानाच्या कडेला उभा आहे. आपला गडी सकाळी मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीला जाणार असतो, नाही तर आसनगावहून लोकल पकडणार असतो, नाही तर पडघा-भिवंडीच्या गोदामात माल चढवणार असतो. पावसाळ्यात त्याला गुडघाभर चिखलात लावणी करायची असते. गुडघ्याची एमआरआय म्हटली की बहुधा कल्याण-ठाणे गाठावे लागते, आणि शस्त्रक्रियेचा आकडा ऐकला की घरात गप्पगार होते. ज्याच्यात खरोखर चमक आहे त्याच्यासाठी तर हा खेळ नोकरीचा दरवाजा आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे, पोलीस, कंपन्या यांचे संघ आहेत. एका रात्रीच्या चषकासाठी, एका हजाराच्या घोषणेसाठी तो दरवाजा बंद व्हावा, आणि तो बंद करणारा शेजारच्या गावचाच, कदाचित नात्यातलाच मुलगा असावा, हे मला मान्य नाही. आपल्याकडे प्रतिस्पर्धी म्हणजे कोण? ज्याच्या गावात आपली बहीण दिली आहे तो.

म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझ्या हात जोडून काही विनंत्या आहेत. नाणेफेकीआधी दोन्ही संघांना एकत्र उभे करून कोणते नियम चालू आहेत ते पाच मिनिटे मोठ्याने वाचा. राखीव क्षेत्राचा नियम आणि कार्डांचा नियम तर नक्कीच. सामना चालू असताना गाणी बंद ठेवा, म्हणजे पंचाला दम ऐकू येईल. बक्षिसे बोनसला लावा, पकडीला लावा, चढाईला लावा. कोणत्याही खेळाडूच्या नावावर लावू नका, आणि कोणी लावली तर निवेदकाने ती वाचू नये. शिस्तबद्ध संघाचे बक्षीस पुष्कळ ठिकाणी असते, पण ते शेवटी, मंडप आवरताना, एखादी छोटी ट्रॉफी देऊन उरकतात. ते ‘पब्लिक हिरो’च्या बक्षिसाच्या बरोबरीचे करा. अमेरिकेत खेळाडूंकडून वसूल केलेला दंड माजी खेळाडूंच्या मदतीसाठी आणि अन्य धर्मादाय कामांना जातो. आपण प्रवेश फीमधून थोडी रक्कम बाजूला काढून जखमी खेळाडूच्या उपचारासाठी ठेवू शकतो. त्यासाठी कुठल्या सरकारी आदेशाची गरज नाही.

खेळाडूंना एवढेच सांगतो. घट्ट पकडा, जोरात पकडा, मध्यरेषेला बोट लागू देऊ नका. शिट्टी झाली की मात्र हात सोडा, ढिगाच्या वरून शेवटची उडी मारू नका, आणि खाली असलेल्याला हात देऊन उठवा. येत्या हंगामात आपल्या दोन तालुक्यांतल्या ज्या मंडळाला नियम वाचून दाखवायला माणूस हवा असेल, त्यांनी मला बोलवावे. मानधन नको, चहा पुरे.